भाऊंच्या बॅगेतला फुटबॉल

मैदानाकडे पाठ करून बसणारा फुटबॉलचा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मॅच सुरू झाली की भाऊ आपली खुर्ची उलटी फिरवून घेत. समोर मंडप, मंडपात पाहुणे, आणि भाऊंची नजर पाहुण्यांवर. मागे बावीस जण धूळ उडवत धावत असायचे, पण भाऊंची मान वळायची नाही. आरोळी उठली की शेजारच्याला विचारायचे, "कोनाचा झाला?" आणि उत्तर ऐकलं न ऐकलं करून पाहुण्यांना चहा मिळाला की नाही ते बघायला लागायचे.

एकदा मी धीर करून विचारलं, "भाऊ, मॅच काऊन नाई पाहत?"

"मास्तर," ते म्हणाले, "मॅच पाहून निकाल बदलते का? पाहुना नाराज होऊन गेला त मातर लय काही बदलते."

आमच्या भागातल्या फुटबॉल संघटनेचे ते सेक्रेटरी. वीसेक वर्षं तरी असतील. अध्यक्ष बदलत गेले, कधी कोणी आमदाराचा भाऊ, कधी कोणी राइस मिलवाला, पण सेक्रेटरी तेच. एका सरकारी कचेरीत कारकून होते आणि स्वतः कधी बॉलला पाय लावलेला नव्हता. तरी पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, रोज सकाळी खडूने पांढरे केलेले. अंगात राखी रंगाचा सफारी. मैदानात शिरताना बूट काढायचे, रेषेला हात लावून तो हात कपाळाला लावायचे, पुन्हा बूट घालायचे, आणि मग खुर्ची फिरवायचे.

संघटनेला कचेरी नव्हती. एक तपकिरी रेक्झिनची बॅग होती. तिच्यात गोल शिक्का, शाईचं पॅड, लेटरहेड, खेळाडूंचे कोरे अर्ज आणि कधीही न वाजवलेली एक शिट्टी. एसटीत बसले तर बॅग मांडीवर, जेवायला बसले तर मांडीखाली. बाहेरगावच्या कोणी विचारलं, "आपल्या संघटनेचं कार्यालय कुठे आहे?" तर भाऊ बॅगेवर थाप मारून म्हणत, "हे काय, तुमच्यासमोरच त आहे!" लोक हसायचे. ते विनोद करत नव्हते, हे कळायला मला फार वर्षं लागली.

वार्षिक सभा त्यांच्या घरी व्हायची. घर दोन खोल्यांचं, कौलारू, पण त्याला दरवाजा होता अख्ख्या सागवानाचा, कोरीव, एखाद्या देवळाला शोभेल असा. दरवाज्यानंतर सागवानी कपाट आलं, त्यानंतर सागवानी बंगई. त्या बंगईवर झोके घेत भाऊ सभा चालवायचे. आम्ही चार-पाच जण चटईवर बसलेलो असायचो, आणि भाऊ एकेका क्लबचं नाव वाचायचे. जंगलातल्या कुठल्या कुठल्या गावांची नावं. काही गावांत अकरा घरंही नसतील, पण त्यांचा क्लब होता, क्लबाला मत होतं, आणि त्या मताचं कोऱ्या कागदावर सही केलेलं पत्र भाऊंच्या बॅगेत होतं. नाव वाचायचे, स्वतःच हात वर करायचे, स्वतःच "मंजूर" म्हणायचे. मग वहिनी पोहे आणायच्या. मला त्याचं काही वाटत नसे. वाटायला हवं होतं, असं आज म्हणतो.

आता मी त्यांना नुसतं वाईट म्हणून मोकळा झालो तर तेही खोटं होईल. हाफटाइमला भाऊ उठायचे. पिशवीतून संत्री काढायचे, स्वतःच्या हाताने सोलायचे आणि दोन्ही टीमला वाटायचे. हरणाऱ्या टीमला आधी. एकदा खाण कॉलनीच्या एका पोराचा पाय मोडला तर त्याला चंद्रपूरला नेऊन भाऊ दोन दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहिले होते. पोराच्या आईला म्हणाले, "बाई, हा माहा पोरगा हाय असं समजा." तेव्हा त्यांच्या डोळ्यांत खरं पाणी होतं. तोच पोरगा पुढच्या वर्षी बरा होऊन निवड चाचणीला आला, पण विरोधी गटाच्या एका माणसाच्या मोटरसायकलवर बसून आला. भाऊंनी त्याचा अर्ज घेतला, हसून घेतला, आणि तो अर्ज पुन्हा कोणाला दिसला नाही.

हे असं का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. सागवान घेत होते हे खरं, पण नुसत्या सागवानासाठी माणूस एवढं करत नाही. या दोन जिल्ह्यांत कोणी बॉलला लाथ मारायची तर मला विचारून मारावी, एवढीच त्यांची भूक होती. एवढीच म्हणतो, पण त्या भुकेत किती जणांचे पाय गेले.

एक जुलैची गोष्ट सांगतो. पोंभुर्ण्याच्या पलीकडे एका जंगलातल्या गावाची टीम होती. गोंड पोरं, अनवाणी खेळणारी. धान कापल्यावर शेताच्या बांधीत सराव करायची. धसकटं टोचून टोचून तळवे असे झाले होते की आमच्या बुटांवर त्यांचा पाय पडला तर आम्हीच ओरडायचो. त्यांच्यासारखा पास मी नंतर कुठे पाहिला नाही. एका वर्षी ती पोरं कोणाच्या तरी ट्रॅक्टरमध्ये बसून कुमार गटाच्या जिल्हा स्पर्धेला आली. वयाचे दाखले बरोबर आणले होते. भाऊंनी ते एकेक करून टेबलावर मांडले आणि मोठ्याने हसले.

"अकराच्या अकरा एक जुलैले पैदा झाले? गावात त्या दिवशी दुसरं काही कामधंदा नोता का?"

मंडप हसला. मीही हसलो. टीमचा कप्तान शांतपणे म्हणाला, "साहेब, आमच्या मायबापाले तारीख ठाऊक नोती. गुरुजीनं शाळेत नाव टाकलं तवा समद्यायले एकच तारीख देल्ली."

खरं होतं ते. आमच्या भागात निम्मी माणसं एक जुलैची आहेत. माझ्या बायकोचा वाढदिवस एक जुलै, तिच्या दोन्ही भावांचाही एक जुलै. मंडपात बसलेल्या पाहुण्यांपैकी तिघं-चौघं तरी एक जुलैचे असतील. पण भाऊंनी दाखले परत केले. "संशयास्पद" असा शेरा मारला, त्यावर शिक्का उठवला. त्याच दिवशी शहरातल्या एका टीमचे दाखले पास झाले. मिशा काढून आलेले बाप्ये होते ते. पण त्यांच्या तारखा बघाल तर तीन मार्च, एकोणीस ऑक्टोबर, सात जानेवारी. खोट्या तारखा वेगवेगळ्या आणि नीटनेटक्या होत्या, खऱ्या सगळ्या एकच होत्या. त्या गोंड पोरांना भाऊंनी परत जाताना पोटभर जेवू घातलं, ट्रॅक्टरमध्ये केळ्यांची फणी ठेवली. ती टीम पुन्हा कधी आली नाही.

मी तेव्हा काही बोललो नाही, त्याला कारण होतं. माझं स्वतःचं प्रमाणपत्र भाऊंच्याच बॅगेतून निघालेलं. नव्वदच्या सुमाराला राज्य स्पर्धेला आपली टीम गेली, तिच्यात माझं नाव होतं. मी मात्र त्या आठवड्यात हिवतापाने घरी पडून होतो, गाडीतसुद्धा बसलो नव्हतो. तरी भाऊंनी प्रमाणपत्र आणून उशाशी ठेवलं. म्हणाले, "लेका, मन त तुह्यं टीमसंगच होतं ना?" त्या कागदावर मला चामोर्शीजवळच्या शाळेत पीटी मास्तरची नोकरी लागली. मी त्यांच्या पाया पडलो होतो. पुढे त्यांनी मला सहसचिव केलं. सहसचिव म्हणजे बॅग उघडायला परवानगी नसलेला, पण तिच्याजवळ बसणारा माणूस.

माझ्या शाळेत मंदा होती. ढिवराची मुलगी. बाप तलावात जाळं टाकायचा, हंगामात शिंगाडे काढायचा. मंदा लहानपणापासून बापाबरोबर गाळात उतरून जाळं ओढायची, त्यामुळे तिच्या पायांत जे बळ होतं ते माझ्या कुठल्याही व्यायामाने आलं नसतं. मुलींची टीम मी गंमत म्हणून काढली होती. मंदाने ती गंमत राहू दिली नाही. बारावी झाली तरी संध्याकाळी मैदानावर हजर. तिला फॉरेस्ट गार्ड व्हायचं होतं. ते तिने पक्कं ठरवलं होतं. खेळाडूंसाठी राखीव जागा असतात हे तिला ठाऊक होतं, आणि राज्य स्पर्धेतलं पदक असलेल्या मुली आपल्या भागात बोटावर मोजण्याइतक्याही नाहीत हेही. "सर," ती म्हणायची, "एक पदक भेटलं ना, त माहा बाप पान्यातून वर येईन."

मुलींच्या राज्य स्पर्धेला टीम जायची ठरली तेव्हा भाऊ माझ्या शाळेत आले. खेळाडूंची यादी त्यांनी आधीच करून आणली होती. तिच्यात मंदाचं नाव नव्हतं. स्नेहल नावाच्या एका मुलीचं होतं. ती सागवानाच्या ठेकेदाराची मुलगी, कॉलेजात शिकणारी. मी तिला मैदानात कधी पाहिलं नव्हतं.

"भाऊ, मंदाशिवाय टीम कशी होईन?"

"मंदा खेळन ना! कोन नाई म्हनते? फोटो तिचा लावू, नाव स्नेहलचं राहू देऊ. सर्टिफिकिटावर फोटो नसते मास्तर, नावच असते. पुढच्या सालची पोट्टीची जागा पक्की. माहा शब्द."

मी मंदाला तेच सांगितलं. तेच शब्द, फक्त माझ्या तोंडून. ती म्हणाली, "मी नाई म्हनलं तर?"

"तर तू घरी राहशील, आणि दुसरं कोणीतरी तिच्या नावाने खेळेल."

ती गेली. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात, दोन दिवसांच्या प्रवासानंतर. तिथे भाऊ राज्याच्या पदाधिकाऱ्यांत बसले होते, खुर्ची अर्थातच उलटी. तिसऱ्या क्रमांकाची मॅच शेवटपर्यंत बरोबरीत होती. संपायला थोडा वेळ असताना आम्हाला कॉर्नर मिळाला, गोलपाशी एकच गर्दी झाली आणि त्या गर्दीतून बॉल जाळीत गेला. गर्दीतून बाहेर येऊन मंदा दोन्ही हात वर करून धावत सुटली. मी भाऊंकडे धावलो.

"कोनाचा झाला?"

"मंदाचा!"

भाऊंनी माझा हात दाबला आणि हसत हसत, पाहुण्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "मंदा कोन? नाव नीट घ्या मास्तर."

पदकं देताना माइकवरून नाव पुकारलं, "स्नेहल." कोणी हललं नाही. पुन्हा पुकारलं. मंदा ओळीत उभी होती, आपल्या नावाची वाट बघत. मी मागून तिच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे ढकललं. तो हात अजून माझ्याच खांद्याला आहे, त्याचं काय करू ते मला कळत नाही.

परतीच्या गाडीत ती एवढंच म्हणाली, "पुढच्या सालले माह्यं नाव राहीन ना सर?" मी हो म्हणालो.

पुढच्या साली टीम गेलीच नाही. राज्याच्या संघटनेत दोन गट पडले, दोघांनी एकमेकांना बेकायदेशीर ठरवलं, आणि भाऊ ज्या गटात होते त्याच्या जिल्ह्यांना स्पर्धेत बंदी आली. त्याच्या पुढच्या सालीही नाही. भाऊंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. बॅग त्यांच्याकडे होती.

त्याच सुमाराला वर्ल्ड कप चालू होता आणि वेस्ट इंडीजकडचं एक लहानसं बेट त्यात खेळत होतं. भाऊंना वेस्ट इंडीज म्हणजे क्रिकेट एवढंच ठाऊक. पण तिकडच्या फुटबॉलच्या पदाधिकाऱ्यांवर होणाऱ्या गैरव्यवहाराच्या आरोपांची चार ओळींची बातमी कुठल्याशा पेपरात आली, ती त्यांनी कापली, लॅमिनेट केली आणि बॅगेत ठेवली. येईल त्याला दाखवायचे.

"हे पाह्य मास्तर. एवढंसं बेट. आपल्या गडचिरोलीत दोनदा बसन. आन् तिथचे साहेब जगाच्या फुटबॉलमंदी जाऊन बसले! तिथीबी आपल्यासारखेच लोक आहेत, पण हिंमत पाह्य त्यायची. आपन? आपन दोन जिल्हे सांभाळले त बदनाम झालो."

त्यांना खरोखर हेवा वाटत होता. मी तो कागद हातात घेतला आणि मला वाटलं, तिथेही कोणीतरी दुसऱ्याच्या नावाने धावत असेल. तिथेही कोणी मास्तर असेल, आणि त्यानेही पाठीवर हात ठेवला असेल. मी कागद परत दिला. "भारी आहे भाऊ," म्हणालो.

फॉरेस्ट गार्डची भरती निघाली. मंदाने साध्या जागेतून अर्ज भरला, तर स्नेहलने पदकाचं प्रमाणपत्र जोडून खेळाडूंच्या राखीव जागेतून. यादीत मंदाचं नाव थोडक्यात राहिलं आणि स्नेहलचं लागलं. मग मंदाने जे केलं ते आमच्यापैकी कोणीच कधी केलं नव्हतं. तिने अर्ज लिहिला. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावाने. हे पदक माझं आहे, चौकशी करा.

चौकशी लागली. स्पर्धेचे फोटो लावलेले मूळ अर्ज राज्याच्या संघटनेकडे सापडेनात, दोन गटांच्या ओढाताणीत कुठे गेले ते कोणालाच ठाऊक नव्हतं. चौकशीने बोलावलेला साक्षीदार एकच, टीमचा मॅनेजर. म्हणजे मी.

तारखेच्या आधी भाऊ माझ्या घरी आले. जेवले. बायकोने केलेल्या वांग्याच्या भाजीची तारीफ केली, माझ्या मुलीला जवळ घेऊन कितवीत आहे ते विचारलं. मग बॅग उघडून एक जुना कागद काढला. माझ्या प्रमाणपत्राची प्रत. "तुमची बी फाइल मीनं सांभाळून ठेवली आहे मास्तर," ते म्हणाले. "इतके सालं झाले, उंदराले बी लागू देल्ली नाई." आवाजात धमकी नव्हती. माया होती, आणि तीच जास्त भयंकर होती.

पुढे भाऊ वारले तेव्हा शोकसभेत मी बोललो. फुटबॉलसाठी झिजलेला माणूस, असं म्हणालो. टाळ्या पडत नाहीत शोकसभेत, नाहीतर पडल्या असत्या. ती बॅग आता माझ्या घरी आहे. पण सांगायचं राहतंय ते चौकशीच्या दिवसाचं.

चौकशी अधिकारी भला माणूस होता. तरुण, बाहेरच्या जिल्ह्यातला. आधी मंदाचा जबाब घेऊन तिला बाहेर बसवलं होतं. मग स्नेहल, मग मी. त्याने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "सर, कागद काही उरलेले नाहीत. तुम्ही शिक्षक आहात. तुम्ही सांगाल त्यावर मी निर्णय देईन." मग स्नेहलकडे वळून त्याने विचारलं, "तो तिसऱ्या क्रमांकाच्या मॅचचा गोल कसा झाला होता?"

स्नेहलने पाठ केल्यासारखं सांगितलं. कॉर्नर आला, गर्दी झाली, डाव्या पायाने मारला. भाऊंनी पढवलं होतं, आणि भाऊंना मी सांगितलं होतं. मी तो गोल तसाच पाहिला होता.

"बरोबर आहे सर? हीच मुलगी होती?"

"हो," मी म्हणालो. "हीच."

त्याने लिहून घेतलं. मी सही केली. बाहेर आलो तर मंदा व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. शेजारी तिचा बाप, मांडीवर हात ठेवून. तो मला बघून उठून उभा राहिला, नमस्कार केला. त्याला वाटत होतं, मास्तर आपल्या बाजूने आलेत.

मंदाने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. ती रडली नाही. विचारलं, "काय इचारलं सर?"

"गोल कसा झाला ते."

"मंग? काय सांगतलं तिनं?"

"डाव्या पायाने."

मंदा हसली. "तो गोल मीनं पायानं मारलाच नोता सर. कोनाचा तरी धक्का लागला, मी पडली, आन् बॉल माह्या गुडघ्यावर आदळून गेला. सगळेजन भारी मारला, भारी मारला म्हनत होते, मंग मले सांगाची लाज वाटली. कोनालेच नाई सांगतलं." ती एकदम उठून उभी राहिली. "हे फक्त मलेच ठाऊक राहीन ना सर, जे खेळली तिले? बाकीच्या पोट्ट्यायलेबी इचारा, मले कोनं ढकललं होतं ते त्या सांगतीन. समोरच्या टीमच्या गोलकीपरनं मले हात देऊन उठवलं होतं, तिले इचारा."

दार उघडंच होतं. आत तो अधिकारी अजून टेबलाशी बसलेला दिसत होता, पेनाला टोपण लावत होता. मंदाचा बाप एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता.

"ते साहेब अजून आतच आहेत ना?" मंदा म्हणाली. "सर, दोन मिनिटं माह्यासंग येता का?"

मी घड्याळात पाहिलं.

"चामोर्शीची बस चुकेल तुमची," मी म्हणालो.